मामांचा कॅमेरा आणि मामींचा दात

फोटोच्या नावाखाली माणसांचा छळ करण्याचा मान अख्ख्या वसई तालुक्यात कुणाला द्यायचा झाला, तर तो माझ्या मामेसासऱ्यांना बिनविरोध मिळेल. गास गावात त्यांची केळीची वाडी. उंची बेताची, पण आवाज वाडीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सहज पोचणारा. मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीपायी वसईत फ्लॅट घेतला आणि मुलगीही इथलीच केली. लग्नानंतर मामांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तर पाटावर बसायच्या आधीच त्यांनी मला अंगणात, भर उन्हात उभं केलं आणि डोळ्याला एक चपटी रुपेरी डबी लावून म्हणाले, "जावई, म्हना, केली!" मला वाटलं, माझ्या लग्नाविषयीच विचारताहेत. मी लाजून म्हणालो, "हो, केली." "झ्याक! सगले दात दिसले!" मामा ओरडले. मग हिने मला बाजूला घेऊन सांगितलं की मामा केळ्यांबद्दल बोलत होते. इथल्या जुन्या घरांतून 'ळ' सर्रास 'ल' होतो, आणि मामांचं शास्त्र असं की 'केळी' म्हटलं की जीभ मागे वळून तोंड वाकडं होतं, 'केली' म्हटलं की ओठ कसे पडद्यासारखे दोन्हीकडे सरकतात.

ती डबी म्हणजे मामांचा पहिला डिजिटल कॅमेरा. दुबईहून सुट्टीवर आलेल्या कुणा मित्राकडून त्यांनी तो मागून घेतला होता. त्या काळी डिजिटल म्हणजे काय अप्रूप! पण हा कॅमेरा स्वभावाने भलताच सावकाश. बटण दाबलं की आधी घुर्र करायचा, मग लाल डोळा मिचकावायचा, मग काही वेळ नुसताच गप्प बसायचा आणि सगळ्यांची आशा सुटली की 'खट' करायचा. या गप्प बसण्याला मामा "विचार चाललाय" म्हणत. "हलू नका! तो विचार करतोय!" अशी आरोळी आली की अंगणातली माणसं जागच्या जागी थिजायची. शिंक आलेला माणूस शिंक गिळायचा. शेवटी 'खट' झालं की मामा फर्मान काढायचे, "हला आता!" आणि मगच लोक श्वास सोडायचे. त्या हुकमाआधी हलणाऱ्याची मामा पिढ्यांसकट हजेरी घेत.

इतकं करून फोटो कसे यायचे? विचारू नका! एकदा मामांनी मला अर्नाळ्याच्या किनाऱ्याचा फोटो दाखवला. नुसती वाळू. "यात भाचा धावतोय," मामा म्हणाले. "कुठे आहे?" "गेला पुढे." पाचूबंदरला मासळीच्या लिलावाला गेले, तर तिथल्या बायकांच्या फोटोत कुणाचा अंबाडा, कुणाचं कोपर आणि एका नाकाचा तेवढा निम्मा भाग. पापलेटं मात्र अगदी खवल्या-खवल्यासकट स्वच्छ. "मेलेलं पापलेट हलत नाय, म्हनून बेस येतं," मामा कौतुकाने म्हणत, आणि समोर बसलेल्या जिवंत माणसांकडे असं बघत की अंगावर काटा यावा.

पण मामांना खरा फोटो हवा होता तो मामींचा, आणि तोही हसताना. मामींचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला आहे. लग्नात फोटोवाला आला तेव्हा कुणीतरी मावशी कानात कुजबुजली, "तोंड मीट गं, दात दिसतोय." मामींनी तोंड मिटलं ते मिटलंच. त्यानंतर हसायला आलं की पदर आधी तोंडावर. आणि आमच्या मामांचा सगळा जीव त्या दातात! "बघायला गेलो तवा ती चुकून हसली आन तो दात दिसला," ते मला सांगायचे. "मी तितंच हो म्हटलं. आन लग्नाच्या फोटोत बघतो तर काय, दातच गायब! जावई, फसवनूक हाय ही." एवढं बोलून ते मोठ्याने हसत, पण लग्नाच्या त्या फोटोकडे बघताना त्यांचा चेहरा खरंच उतरायचा.

आता अडचण बघा. मामी हसायच्या क्षणभर, आणि कॅमेऱ्याचा विचार चालायचा चांगला दम खाऊन. 'खट' होईस्तोवर पदर तोंडावर पोचलेला. मामांकडे अशा पदरांचे फोटो ढिगाने जमले. मग त्यांनी शक्कल काढली: बटण आधी, विनोद नंतर. आधी बटण दाबायचं आणि कॅमेरा विचारात पडला की झटकन काहीतरी गमतीचं बोलायचं, म्हणजे हसू आणि 'खट' एकदम. पण मामांचे विनोद म्हणजे लग्नाच्या पंगती, लवकर उठायचंच नाव नाही. कॅमेरा विचार करून मोकळा व्हायचा आणि विनोदातला म्हातारा अजून बैल शोधत फिरत असायचा.

अखेर एका दिवाळीत मामा गरजले, "बस झालं. नवीन मॉडेल आनायचं!" मला साक्षीला घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदार बिचारा झूम सांगत होता, मेगापिक्सेल सांगत होता. मामांनी त्याला हाताने थांबवलं आणि वर गरगरणाऱ्या पंख्याकडे बोट दाखवलं. "याचा काढ." फ्लॅश पडला, 'खट' झालं आणि पडद्यावर पंख्याची पाती वेगवेगळी, अगदी बंद पंख्यासारखी. मामा तो फोटो बघतच राहिले. "चालत्या पंख्याला पकडतो," ते माझ्या कानाशी म्हणाले, "म्हंजे हिला पकडेल."

घरी आलो. मामींना तुळशीपाशी उभं केलं. मामांनी बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे विनोदाला तोंड फोडलं, "एक म्हातारा बैल शोधायला..." पण हा कॅमेरा विचारच करत नव्हता! फोटो केव्हाच निघून गेला होता. पडद्यावर मामी कपाळाला आठ्या घालून, ओठ घट्ट मिटून उभ्या. पुन्हा दाबलं, पुन्हा आठ्या. हाताला वळणच तसं पडलेलं, बटण आधी जायचं आणि विनोद मागून यायचा. असे किती फोटो झाले देव जाणे, एकजात सगळे तेराव्याला आल्यासारखे. मामांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. "जुना उशिरा यायचा, हा लवकर येतो," ते हताश होऊन म्हणाले. "आमच्या नशिबी टायमावर येनारा कोनीच नाय."

"अवो," मामी म्हणाल्या, "मग त्या म्हाताऱ्याला बैल गावला का नाय?"

मामांनी चिडून मान वर केली. "कसला बैल नि कसला म्हातारा! इतकी वर्षं सांगतोय, पन शेवट मला तरी कुटं ठाऊक हाय?"

आणि मामी हसल्या. अशा खदखदून हसल्या की पदर हातातून सुटला. मामांच्या हातून बटण दाबलं गेलं. खट! सगळे पडद्यावर वाकलो, तर मधोमध तो दात, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून ऐटीत उभा. मामांनी अंगणात अशी आरोळी ठोकली की शेजारचे विळा-कोयता घेऊन धावत आले. तो दिवस गासमध्ये दिवाळीपेक्षा मोठा झाला. मामा कॅमेरा घेऊन घरोघर फिरले. मामी मागून "अवो, लाज नाय का" म्हणत होत्या, पण त्यांना थांबवायला मात्र त्या काही उठल्या नाहीत. फोटो मोठा करायला दिला, तेव्हा स्टुडिओतला पोरगा मदतीच्या भावनेने म्हणाला, "काका, कॉम्प्युटरवर दात सरळ करून देऊ?" मामा असे उसळले! "खबरदार! फोटो दाताचाच हाय. बाकीची बाई त्याच्या सोबतीला आलीय."

तो फोटो ओटीवर लागला, लग्नाचा आत गेला. कॅमेरा चपळ झाला तरी मामांनी "हलू नका" आणि "हला आता" काही सोडलं नाही. आम्हीही मुकाट्याने थिजत राहिलो.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा आमच्या मुलीने त्याच अंगणात मोबाईलवर मामींचा फोटो काढला. "आजी, स्माईल!" मामी म्हणाल्या, "केली," आणि मनमोकळ्या हसल्या. मुलगी फोटो काढून आत निघूनही गेली. मामी मात्र तशाच उभ्या, हात खाली, दात उघडा.

"मामी, झाला की फोटो," मी म्हणालो.

ओठ न हलवता त्या पुटपुटल्या, "अजून कोनी बोललं नाय."

मामांइतका आवाज काही माझ्याकडे नाही, तरी जमेल तेवढा चढवून मी ओरडलो, "हला आता!"

तेव्हा कुठे मामींनी पदर उचलला. तो या वेळी डोळ्यांकडे गेला.