मोठ्या अक्षरांची खिडकी

चाकणला आमच्या कंपनीत एक लाइन अशी आहे की तिथं माणूस औषधालाही सापडत नाही. पिवळे यांत्रिक हात वाकतात, वळतात, ठिणग्या उडवतात, आणि पाहुणे आले की त्यांना आधी तिथंच नेतात. पाहुण्यांना जे कधीच दाखवत नाहीत, ती माझी खिडकी. त्या यांत्रिक हातांनी केलेला माल कंपनीबाहेर पडायचा तर गेटपास लागतो, आणि तो गेटपास निघतो एका जुनाट कंप्युटरवर. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, चित्र नाही, माउस नाही. हा प्रोग्रॅम ज्यानं लिहिला तो गृहस्थ केव्हाच परदेशी गेला आणि तेव्हापासून त्या प्रोग्रॅमला हात लावायची कुणाची छाती झालेली नाही. तो दरवर्षी पुढच्या वर्षी बदलणार असतो.

या कंप्युटरपुढं मी बसते. आणि मला कमी दिसतं.

चष्म्यानं भागेल असं प्रकरण नाही. डोळ्यांच्या आतलंच काहीतरी झिजलंय. जे मोठं असेल ते दिसतं, बारीक असेल ते विरघळून जातं. कंपनीची बस चुकली की संत तुकाराम नगरच्या स्टॉपवर मी शेजारच्याला येणाऱ्या बसचा नंबर विचारते. शेजारचा मला निरक्षर समजतो, मोठ्या मायेनं हात धरतो आणि आळंदीच्या बसमध्ये चढवून देतो. कपाळावर कुंकू, हातात पिशवी, म्हणजे बाई आळंदीलाच जाणार! दोनदा माउलींचं दर्शन घेऊन उशिरा कामावर गेले आहे.

पूर्वी मी आतल्या ऑफिसात होते. तिथंही हाच प्रोग्रॅम, हीच मुंगीएवढी अक्षरं. मी स्क्रीनला नाक लावून वाचायची, आणि मोठ्यानं वाचायची. दुसरा इलाज नव्हता. बारीक अक्षरांत तीन, सहा आणि आठ हे सख्खे भाऊ दिसतात; तोंडानं म्हणायचं आणि समोरच्यानं "बरोबर" म्हटल्यावर पुढं जायचं. मी गॅदरिंगच्या नाटकांत काम केलेली बाई. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि तो कमी कसा करायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंट्सच्या बाई एकदा म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बिलं करताय की प्रयोग?" त्यानंतर मी खरोखर प्रयोग करायला लागले. क्रेडिट नोट, म्हणजे गिऱ्हाईकाला पैसे परत, ती मी करुण रसात वाचायची.

मग कुणीतरी म्हणालं, अहो, हल्ली प्रत्येक कंप्युटरात भिंग असतं. असतं खरं. नवा कंप्युटर आणला, आमचा जुना प्रोग्रॅम त्यात बसवला, भिंग चालू केलं. घड्याळ मोठं झालं, कचऱ्याचा डबा मोठा झाला, मागचं डोंगराचं चित्र तर अंगावर यायला लागलं. आमचा काळा प्रोग्रॅम उघडला की मात्र तो सगळी स्क्रीन व्यापायचा आणि भिंग गुपचूप बाजूला व्हायचं. सगळं जग मोठं करून दाखवणार, पण पगार ज्याचा मिळतो ते सोडून!

तोडगा काढला दिघीच्या एका दुरुस्तीवाल्यानं. लष्करातून निवृत्त झालेला, मिशीदार, जुने कंप्युटर भाजीसारखे निवडून ठेवणारा. त्यानं माळ्यावरून एक फ्लॉपी काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि म्हणाला, "ताई, हे त्याच काळातलं भिंग हाय. जुन्याला जुनंच लागतं." त्यानं पुन्हा जुनंच धूड जोडून दिलं. आधी भिंग सुरू करायचं, मग प्रोग्रॅम. उलट केलं की दोघंही रुसून बसायचे.

पहिल्यांदा ते चालू झालं तेव्हा मी खुर्चीत मागं रेलले. त्या कंप्युटरपुढं मागं रेलण्याची माझी ती पहिलीच वेळ. तळहाताएवढी अक्षरं! कडा पायऱ्यापायऱ्यांच्या, जणू विटा रचून बांधलेली. अर्थात एवढी मोठी अक्षरं मावणार किती? ओळीचा एक तुकडा दिसतो, बाकीची ओळ बाहेर उभी राहते. बटण दाबत तिला आत सरकवायची. आता आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांचे नंबर एमएच चौदानं सुरू होतात. त्यामुळं पहिल्या तुकड्यात सगळ्या गाड्यांची तोंडं सारखीच. खरी गाडी उजवीकडं सरकवल्यावर कळते. पण कळते! मोठ्यानं वाचावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. अकाउंट्सच्या बाईंनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

याच जोरावर मी डिस्पॅचची खिडकी मागून घेतली आणि मिळवली. काय सांगू त्या खिडकीचं सुख! बाहेर पटांगण, त्यात मालाची वाट पाहणारे ट्रक, आणि काचेला टेकून ड्रायव्हर. एसीसाठी काच बंद, म्हणून बोलायला माझ्यापुढं माइक आणि बाहेर खांबावर भोंगा. बटण दाबायचं आणि पुकारायचं, "गाडी दोन नंबरच्या डॉकला लावा." ज्या बाईला आयुष्यभर 'हळू बोला' ऐकावं लागलं, तिला कंपनीनं स्वखुशीनं भोंगा दिला होता. ही जागा मी मेल्याशिवाय सोडणार नव्हते.

आणि तीच जाण्याची वेळ आली.

झालं असं की गेटवर गाडी आली की तिला नंबर मिळतो आणि तो यादीत पडतो. आमच्या सुपरवायझरला मात्र आपल्या कंप्युटरवरून कुठल्याही गाडीपुढं 'अर्जंट' लिहायची सोय आहे. लिहिलं की ती गाडी सगळ्यांच्या डोक्यावरून वर जाते. सुपरवायझर इथल्याच गावचे. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे तिच्यातला एक तुकडा त्यांच्या घरचा होता, ही गोष्ट ते विसरत नाहीत आणि दुसऱ्यालाही विसरू देत नाहीत. त्यांच्या धाकट्या भावाचे ट्रक आहेत. आणि त्या भावाच्या गाडीत माल भरायचा म्हटलं की तो माल कसा कोण जाणे, पण नेहमी अर्जंटच असायचा.

हे इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, कारण यादी मुंगीच्या अक्षरांत होती. आता ती तळहाताएवढ्या अक्षरांत माझ्या स्क्रीनवर होती आणि माझी स्क्रीन काचेला लागून, तिरकी ठेवलेली होती. ड्रायव्हर लोक चहाचा ग्लास घेऊन काचेपुढं उभे राहून क्रिकेटचा स्कोअर बघावा तशी यादी बघायला लागले. मी बटण दाबून यादी सरकवली की बाहेर माना सरकायच्या.

एके दिवशी बीडकडचा एक ड्रायव्हर काचेवर बोट ठोकत ओरडला, "ताई, आम्ही सकाळपासून इथं उभे हाव. नळावर अंघोळ झाली, डबा खाल्ला. अन् ही आत्ता आत आलेली गाडी वर कशी काय बसली?"

"अर्जंट आहे," मी माइकवरून म्हणाले.

"कोणाला अर्जंट?"

पटांगणात हशा झाला. माझ्या चेहऱ्यावर अत्यंत गंभीर भाव होते. नाटकातली बाई आहे मी.

सुपरवायझर आले. कमरेवर हात ठेवून आधी माझ्या स्क्रीनकडं पाहिलं, मग काचेकडं. "मॅडम, ही अक्षरं लई मोठी झाल्यात."

"मला तेवढीच लागतात, दादा."

"तुमाला लागत्यात, व्हय. पर ही धा जणं फुकटात वाचत्यात, त्याचं काय?"

मी म्हणाले, "त्यांना शाळेत घातलंय त्याला मी काय करू?"

दुसऱ्याच दिवशी एचआरच्या नव्या साहेबांनी मला बोलावलं. केबिनमध्ये शिरल्याबरोबर माझ्यासाठी खुर्ची ओढली गेली, पाण्याचा ग्लास थेट हातात दिला गेला, आणि आवाज असा खाली आला की मला वाटलं कोणीतरी गेलं.

"मॅडम, तुमची हेल्थ ही आमची प्रायॉरिटी आहे. डोळ्यांवर ताण येतोय तुमच्या. डिस्पॅच म्हणजे क्रिटिकल काम. उद्या काही चूक झाली तर?"

"आजपर्यंत कुठली झाली?"

"झाली असं नाही. पण होऊ शकते, अशी कन्सर्न आली आहे." कन्सर्न कुठून आली हे सांगायला लागू नये म्हणून त्यांनी लगेच हसून घेतलं. "कॅन्टीनमध्ये कूपनवर शिक्का मारायचं काम आहे. बसून. शांत. तुम्हाला आवडेल."

कूपन! बाहेर भोंगा, पटांगण, ट्रकांची रांग सोडून मी पोह्यांच्या कूपनवर शिक्के मारणार, तेही शांतपणे. मी म्हणाले, "साहेब, आधी खिडकीवर या. तुमच्यासमोर गेटपास काढते. चुकले तर स्वतः शिक्का घेऊन कॅन्टीनला जाते."

आले ते. मागं सुपरवायझर. मी ओळ सरकवली, गाडी गाठली, माल, वजन, गिऱ्हाईक, छपाई. प्रिंटरनं आपला करकर आवाज काढला आणि पास बाहेर आला. बरोबर. दुसराही बरोबर. साहेब माझ्याकडं पाहत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की काचेबाहेरून सगळे त्यांच्याकडं पाहताहेत. बीडवाल्यानं दोन्ही हातांचा पोंगा करून ओरडून सांगितलं, "साहेब, तुम्ही वरची ओळ बघा! ती कवा आली, इचारा!"

साहेबांनी वरची ओळ वाचली. त्यांना ती वाचायला काहीच त्रास झाला नाही, तळहाताएवढी होती. त्यांनी सुपरवायझरांकडं पाहिलं, सुपरवायझरांनी छताकडं. आता मला वाटलं, सुटले. पण हुशार माणूस होता तो. म्हणाला, "मॅडम, तुमचं काम परफेक्ट आहे. प्रश्न प्रायव्हसीचा आहे. कंपनीचा डेटा असा पब्लिकमध्ये... तुम्ही अक्षर नॉर्मल साइजचं ठेवा. ते जमणार नसेल, तर मग कूपनचं बघू."

म्हणजे पहा. सकाळी मला दिसत नाही ही अडचण होती. दुपारपर्यंत इतरांना दिसतं ही अडचण झाली. डोळे कुणाचेही असोत, उठायचं मात्र मीच.

"जमेल की," मी म्हणाले. माझ्याकडून इतक्या लवकर होकार येईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. सुपरवायझर तर हसून म्हणाले, "बगा, समजूतदार हायेत मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंग सुरूच केलं नाही. मुंग्या परत आल्या. स्क्रीनला नाक लावलं, पदर सावरला, आणि माइकचं बटण दाबलं. बारीक अक्षरांत वाचायचं तर मला मोठ्यानं म्हणावं लागतं आणि समोरच्यानं होकार द्यावा लागतो. समोरचा काचेपलीकडं, म्हणजे माइकशिवाय इलाज नाही. आणि हवी ती ओळ सापडायची तर वरून सुरुवात करावी लागते.

"एमएच चौदा! शेवट अडतीस का छत्तीस? गाडी आली साडेदहाला, नंबर पहिला, अर्जंट! कुणाची आहे, हात वर करा, मला बारीक दिसत नाही!"

भोंगा चांगल्या प्रतीचा आहे. पटांगण ओलांडून आवाज गेटपर्यंत, तिथून कॅन्टीनपर्यंत गेला. गेटवरचे वॉचमन बाहेर आले.

"एमएच चौदा! शेवट सत्त्याहत्तर! आली सकाळी सहाला, नंबर पाचवा! बरोबर?"

"बरोबर, ताई!" पटांगण गरजलं.

मी प्रत्येक पासासाठी यादी वरून वाचत होते. 'अर्जंट' हा शब्द मी वीररसात म्हणत होते, आणि त्याच्या आधी थोडा विराम घेत होते. दुसऱ्या वाचनाला ड्रायव्हर तो शब्द माझ्याबरोबर म्हणायला लागले. तिसऱ्या वाचनाला यांत्रिक हात बघायला आलेले पाहुणे काचेच्या कॉरिडॉरमध्ये थांबले आणि त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? असं मला नंतर कळलं. साहेबांनी त्यांना काय सांगितलं ते मात्र कळलं नाही, आणि ही खंत मला आजही आहे.

जेवणाच्या सुट्टीआधी सुपरवायझर आले. कपाळाला घाम. "मॅडम, हात जोडतो. ते अक्षर मोठं करा. पर माइक बंद ठेवा."

"पण प्रायव्हसी, दादा?"

"साहेबच म्हणले मोठं करा म्हणून."

मी भिंग सुरू केलं, मग प्रोग्रॅम. विटांची अक्षरं पुन्हा उभी राहिली आणि काचेबाहेर माना सरकल्या. कॅन्टीनच्या कूपनांवर आजही दुसरंच कुणीतरी शिक्के मारतं.

'अर्जंट' हा शब्द यादीत आता क्वचितच येतो. धाकट्या भावाचे ट्रक हल्ली पहाटे येऊन रांगेत उभे राहतात. त्यातलाच एक ड्रायव्हर परवा काचेला नाक लावून मला खुणावत होता, "ताई, जरा खाली सरकवा की. आमची गाडी दिसंना."