खिडकीचा पिवळा रंग

नातीच्या रक्तात शिसं निघालं, आणि मी घरभर शिसं शोधत सुटले. दीड वर्षाची पोर, सारखी चिडचिड करायची, पोट दुखायचं, आलेले शब्दही बोलेनाशी झाली म्हणून डॉक्टरांनी तपासणी करायला लावली होती. मी आधी तिच्या बापाच्या जुन्या शिसपेन्सिली फेकल्या. सून हसली, "आई, त्यांत शिसं नसतंच!" अगं बाई! मग हळद, काजळ, पितळी डबे... डोक्याला भुंगाच लागला माझ्या.

शेवटी मुलाने आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमधल्या खिडकीचे पोपडे प्रयोगशाळेत दिले. तिथे सापडलं! ती लाकडी चौकट म्हणजे ह्यांचा लाडका उद्योग. फ्लॅट मिळाल्यापासून दर दिवाळीला हे स्वतः तिच्यावर पिवळ्या ऑइल पेंटचा हात मारायचे. खालचे थर जुने, शिशाचे.

"बाबा, चौकटच काढून टाकू," सून म्हणाली.

हे सरकारी हिशेब खात्यात. ह्यांना आधी खर्च दिसतो. "चांगली मजबूत आहे यार! वरून एक कोट देतो, बात खतम."

"ऑफिसात प्रत्येक खर्चामागे लाभ किती, ते विचारता ना?" सून म्हणाली. "मग इथेही हिशेब धरा. तिचं डोकं, शिक्षण, उद्याची नोकरी, दवाखान्याचे फेरे. आणि समोर एक खिडकी."

मला हे गणित भारी आवडलं. रंग काढून टाकण्यातही कमाई असते, हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

"अरे, पण ती काय रंग खाते?" हे म्हणाले.

प्रश्न मलाही छळत होताच. खाताना कुणी पाहिलं नव्हतं. मी खिडकीखालच्या दिवाणावर गुडघे टेकले, नातीच्या उंचीला डोळे आणले, आणि मला ते दिसलं. ह्यांचा हात धरून ओढलं. चौकटीच्या कडेला इवल्या दातांच्या खुणा होत्या. आम्हाला मागून तिची नुसती पाठ दिसायची.

"इथे कधी उभी असते ती?" ह्यांनी विचारलं.

"संध्याकाळी. तुम्ही मेट्रोतून उतरून फाटकाशी दिसेपर्यंत."

ह्यांनी वाकून त्या खुणांवर बोट ठेवलं. मला रागही आला होता आणि ह्यांची दयाही.

सून लेकीला घेऊन नागपूरला माहेरी गेली. तेवढ्यात चौकट उखडली, घर ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसलं. पुढच्या तपासणीत शिसं उतरलेलं होतं. ह्यांनी रिपोर्ट माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारा हा माणूस. खिडकीचं बिल किती झालं, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.