भिंतीवरचा धाकटा

भिंतींना पोस्टर चिकटवत शहरभर फिरणाऱ्या त्या बाईला सगळे खळवालीच म्हणत. मैद्याची खळ तिच्यासारखी कुणाला शिजवता यायची नाही आणि तिच्यासारखी जीभही कुणाला नव्हती. उमेदवाराचं नाक भिंतीवर वाकडं आलंय म्हणून एक कार्यकर्ता ओरडला, तेव्हा ती शिडीवरूनच म्हणाली होती, की नाक मी नाही लावलं, फक्त कागद लावलाय.

या धंद्यात एक गोष्ट सगळे पाळत. सर्कशीवर निवडणूक चिकटवा, निवडणुकीवर केसांचं तेल चिकटवा, कुणी विचारणार नाही. पण हरवलेल्या माणसाच्या तोंडावर ब्रश फिरवायचा नाही. तेवढा चेहरा सोडून कडेकडेनं जायचं.

म्हणून तिचा धाकटा भाऊ अजून भिंतींवर होता. मोर्चाला म्हणून गेला, तो घरी आलाच नाही. पोलिसांनी हात वर केले, पुढाऱ्यांनी भाषणं केली आणि दुसऱ्या मोर्चाला निघून गेले. तेव्हापासून हा कागद: वर फोटो, खाली नाव, त्याखाली घरचा फोन नंबर. ऊन-पावसानं चेहरा उडाला की ती नवा चिकटवायची. त्या नंबरपायी मायलेकींनी ना घर बदललं, ना तो जुना फोन काढू दिला. धाकट्याला तेवढाच एक नंबर पाठ होता.

मग शहरात पोस्टर-स्पर्धेचं मोठं प्रदर्शन आलं. देशोदेशीच्या चित्रकारांनी भाग घेतलेला, विषय ‘शहर’. टांगाटांगीचं काम खळवालीला आणि तिच्या जोडीदाराला, लंबूला मिळालं. पहिल्या बक्षिसाच्या पोस्टरचं वेष्टण लंबूनं सोडलं आणि तो एक पाऊल मागे सरला. पुरुषभर उंचीचा कागद. त्यावर फक्त एक चेहरा, फाटलेला, पापुद्रे सुटलेला, एका डोळ्यावरून पाण्याचा ओघळ गेलेला.

खळवालीनं फ्रेमची कड धरून ठेवली. धाकटा इतका मोठा तिनं कधी पाहिला नव्हता.

प्रदर्शन सांभाळणाऱ्या चष्मेवाल्या बाईंनी कौतुकानं माहिती पुरवली. चित्रकार मागे इथे येऊन गेला होता, त्यानं एका भिंतीचा फोटो काढला. एक अक्षरही न लिहिता त्यानं सगळं शहर सांगितलं, म्हणून परीक्षक भारावून गेले.

“अक्षरं होती,” खळवाली म्हणाली. “त्यानं कापली. खाली माझ्या भावाचं नाव होतं.”

बाईंचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं, पण निकाल लागलेल्या चित्रात बदल करता येत नाही, असं त्या हळू आवाजात सांगत राहिल्या. खळवालीनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती डबाभर खळ घेऊन आली आणि फ्रेमखालच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तिनं नावानंबराची पट्टी चिकटवली. रखवालदार धावला, तर म्हणाली, हात लावून बघ. बाईंनी परदेशात चित्रकाराला कळवलं. प्रदर्शन उघडलं त्याच दिवशी त्याचं उत्तर आलं, की हे तर फारच सुंदर झालं, राहू द्या.

जिंकलो, असं वाटून खळवाली घरी आली, तर आई फोनला चिकटून बसलेली. सकाळपासून फोन येत होते. उचलला की पलीकडे कुणी बोलत नव्हतं. नुसता श्वास, मग कट.

“तोच आहे गं,” आई म्हणाली. “बोलायला धजत नाहीये.”

पुढे आईनं फोनपाशीच अंथरूण घातलं. पलीकडच्या गप्प माणसाला ती घरातलं सांगू लागली. शेजारणीचं लग्न झालं, तुझा निळा शर्ट ठेवलाय, ताई तुझी अजून तशीच तापट आहे.

हे ऐकून खळवाली तडक प्रदर्शनात गेली. धाकट्यासमोर एक जोडपं उभं होतं. मुलीनं पट्टीवरचा नंबर लावला आणि दोघांना ऐकू यावं म्हणून फोन मधे धरला. चित्राचाच भाग असणार, काहीतरी ध्वनिमुद्रित ऐकू येईल, अशी त्यांची समजूत. त्या शांत दालनात आईचा आवाज आला.

“बोल ना रे. जेवलास का?”

मुलगी घाबरून हसली. फोन बंद केला आणि दोघं दबक्या पावलांनी पुढच्या चित्राकडे गेली. खळवालीच्या जिभेवर एकही शिवी आली नाही. वर धाकटा तिच्याकडे बघत होता, ओघळ गेलेल्या डोळ्यानं.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. ते रिकामटेकडे लोक आहेत, पट्टी मी खरवडून टाकते. आईनं तिचा हात धरला.

“इतक्या फोनांत एखादा त्याचा असला तर?”

त्या दिवशी तिनं पट्टी राहू दिली. पण आई जेवण टाकून फोन उचलायला धावताना पडली, तेव्हा ती खरवडायचा पत्रा घेऊन प्रदर्शनात गेली. ज्या हातानं धाकट्याचं नाव चिकटवलं, त्याच हातानं खरवडलं. बाई बघत राहिल्या. लंबूनं तोंड फिरवलं.

प्रदर्शन आवरलं, पेट्या पुढच्या देशाला रवाना झाल्या. धाकटाही गेला. घरात फोन मुका झाला. आईनं अंथरूण मात्र तिथून उचललं नाही.

एका दुपारी खळवाली चुलीपाशी खळ ढवळत होती आणि फोन वाजला. आई हलली नाही, नुसती लेकीकडे बघत राहिली. आता तो नंबर दालनात नव्हता. खळवालीनं फोन उचलला. पलीकडे श्वास होता.

खळ करपल्याचा वास घरभर पसरला. तरी तिनं फोन ठेवला नाही. पायानं स्टूल ओढलं आणि कानाशी फोन धरून बसली.