फुकटच्या जनावरातली गोम

चूक माझीच. हौसराव आप्पांच्या ओट्यावर उभा राहून, त्यांच्या दोन्ही नातवंडांच्या देखत मी बोलून गेलो, "आप्पा, दौंडात सशाची जोडी मिळतेय. फुकट."

शेवटचा शब्द कानावर पडला आणि आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. सुपारी कातरता कातरता आप्पा थांबले म्हणजे समोरच्याचं काही खरं नाही, हे यवतमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"फुकट?" ते म्हणाले. "का?"

आप्पा माझे घरमालक. मी शिरूरचा, मॅट्रिक होऊन दौंडच्या कचेरीत कारकुनीला चिकटलो आणि खोली स्वस्त म्हणून यवतला राहिलो. रोज शटल गाडीनं जायचं, शटलनं यायचं. आप्पांनी चाळीस वर्षं बैलांची दलाली केलेली. बाजारात दोन माणसांनी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, बाकीच्यांनी नुसते चेहरे बघायचे, असा तो धंदा. कुणी कानशीनं दात घासून बैलाचं वय कमी करतो, कुणी पांढऱ्या डागाला काजळी फासतो, कुणी सुस्त बैलाला गूळ-दारू पाजून उभा करतो. हे सगळं आप्पांना माहीत होतं, कारण यातलं निम्मं त्यांनी स्वतः केलं होतं. त्यामुळे जगावर त्यांचा तिळभर विश्वास नव्हता. दूध घेताना वास घ्यायचे, काड्यापेटी घेताना काड्या मोजायचे. लेकीला स्थळ आलं तेव्हा नवऱ्या मुलाला गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं होतं. "लंगडत न्हाई ना, बघितलं," असं वर सोयऱ्यांना सांगितलं. ते जावई, केंदूरचे ज्ञानदेव, अजून सासुरवाडीला आले की जरा जपूनच पावलं टाकायचे.

तीच लेक आता पुण्याला दवाखान्यात होती. छातीचं दुखणं, पोरांनी जवळ जायचं नाही, सहा महिने तरी. म्हणून आठ वर्षांची मुक्ता आणि पाच वर्षांचा पोपट आजोळी आलेले. रेल्वेचा संप होऊन सातेक महिने झाले असतील, थंडीचे दिवस. पोरं जेवायची नाहीत. पोपट सकाळी उठला की आईच्या नावानं भोकाड पसरायचा, ते थेट स्टेशनात ऐकू जायचं. ज्ञानदेव बजावून गेले होते, "मामा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो. रडतच असली तर केंदूरला न्हेतो, बहिणीकडं." आप्पांना पोरं ठेवायची होती. तसं ते बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्या बाईच्या घरात पोरं नांदायची न्हाईत. बोलताना ती डोळ्याला डोळा देत न्हाई." पण रोज सकाळी पोपट रडायला लागला की आप्पा हातातली भाकरी तशीच ठेवून उठायचे, आणि सोजरबाई काकू, म्हणजे त्यांच्या कारभारीण, ती कुत्र्याला टाकायच्या.

म्हणून मला ससे सुचले. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका फिटरची मनमाडला बदली झाली होती, त्याच्या पोरांनी पाळलेले.

"बदली झालीय म्हणून देतोय," मी सांगितलं.

"मग बरुबर का न्हेत न्हाई? मनमाडात गवत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर शटलनं दौंडला आले. ससा उचलला, जबडा उघडून दात बघितले, कान धरून आत फुंकर मारली. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, नाक हलवणारे दोन गरीब जीव. फिटर बिचारा हसत उभा.

"वरडतो कवा ह्यो?" आप्पांनी विचारलं.

"ससा ओरडत नाही, मामा."

झालं. आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बैल लाथ मारायच्या आदी फुरफुरतो. कुत्रं गुरगुरतं. ह्याच्या पोटात काय हाय, ते ह्यो सांगतच न्हाई. असलं मुकं जनावर पोरांच्यात सोडू? आन् त्यो फिटर हसत का व्हता?"

रिकाम्या हातांनी परतलो. मुक्तानं ओट्यावर बाजरीची ताटं तोडून ठेवली होती, सशांसाठी. ती तशीच वाळली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि पोपट आता आई आणि ससे अशा दोन्ही नावांनी रडायला लागला. मी नुसतं "पंधरा रुपये सांगतोय" म्हणालो असतो, तर आप्पांनी दहाला आणून ससे हसत घरी नेले असते.

नंतर पोपटानं कुठूनसं खारीचं पिल्लू आणलं. आप्पांनी ते तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "ह्याची आय झाडावरनं बघतीया. चोरीचा माल." गेलं परत झाडावर. कुत्र्याचं पिल्लू आलं, त्याच्या पाठीवर गोम निघाली. गोम म्हणजे केसांची उलटी रेघ. भलत्या जागी असली तर धन्याचं वाटोळं होतं, असं बाजारातले जुने लोक मानतात. बैलाचे नियम कुत्र्याला लागू होतात का, असं मी विचारलं. "कारकून, तुझी कचेरी बघ," आप्पा म्हणाले.

रविवार दहा दिवसांवर आला, तेव्हा मी शहाणा झालो होतो.

"आप्पा," मी म्हणालो, "भिमाजी गँगमनच्या घरी मांजर व्यालीय. तीन पिल्लं. पण ते द्यायचे नाहीत कुणाला. तुम्हाला तर नाहीच."

"मला का न्हाई?" आप्पा सावरून बसले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "आन् तुला रं कसं म्हाईत? मांजर तर घरात चुलीमागं विती."

स्टेशनापलीकडच्या गँगमनच्या खोल्यांत भिमाजी आणि त्यांच्या कारभारीण कस्तुराबाई मावशी राहायचे. बौद्धवाड्यातली माणसं. शटल उशिरा असली की मी त्यांच्या घरात बसून चहा घ्यायचो. ही गोष्ट मी आप्पांना सांगितली नव्हती. खोली स्वस्त होती आणि मला ती सोडायची नव्हती. मोठं धाडस होतं माझं, एवढंच की ते लपूनछपून चालायचं.

"लोक म्हणतात," मी म्हणालो.

"लोक," आप्पा म्हणाले आणि पटका बांधायला उठले.

कस्तुराबाईंनी तिन्ही पिल्लं टोपलीतून बाहेर अंगणात आणून ठेवली. आप्पा उकिडवे बसले. तांबड्याला उचललं, बोट थुंकीनं ओलं करून त्याच्या पाठीवर घासलं.

"काय बघता, आप्पा?"

"रंग जातोय का."

काळ्याच्या जबड्यात बोट घालून म्हणाले, "आदत हाय." म्हणजे अजून दुधाचे दात. मग त्याला चालवून बघितलं. ते दोन पावलं चालून तिथंच झोपलं.

कस्तुराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आप्पा, नांगराला जुपायचंय व्हय त्याला? का मोट वडायची?"

तिसरं राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचं. आप्पांनी त्याची मानगूट धरून उचललं. त्यानं शेपटी पोटाशी घेतली, अंगाचा चेंडू केला आणि वळून आप्पांच्या अंगठ्याला कडाडून चावलं. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, हेही गेलं.

"ह्ये खरं बोलतंय," आप्पा म्हणाले. "ह्येच."

आता किंमत. सवयीनं त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हातावर टाकला आणि भिमाजींपुढं हात केला. भिमाजी मितभाषी माणूस. वर्षानुवर्षं रूळ ठोकून बघत आले, त्यांना बोलण्यापेक्षा ऐकायची सवय. ते पुढं आले, पंच्याखाली हात घातला. आप्पांचा चेहरा हलला नाही, पण भुवया चढल्या.

"एक?" ते म्हणाले. "एक काय? रुपाया? धा?"

"एक कप," कस्तुराबाई म्हणाल्या. "मांजराचं पैसं घेत न्हाईत. चाळीस वर्षं ह्या फाटकावरनं जाता-येता, आप्पा. पंच्याखाली सगळ्यांची बोटं धरता. एकदा घरात बसून माझ्या हातचा एक कप चहा घ्या, आन् पिल्लू न्या."

आप्पांनी पंचा पुन्हा खांद्यावर टाकला. बराच वेळ सुपारी नसलेलं तोंड चघळत राहिले.

"आदी जनावर," ते म्हणाले. "चहा मागनं."

"मागनं तर मागनं. उधार धरला."

पिल्लू पोत्यात घातलं. वाट विसरावी म्हणून ते पोतं लिंबाभोवती तीनदा फिरवलं. आप्पा स्वतः फिरले, कारण मी दोनदाच फिरवीन असा त्यांना संशय होता. घरी पोतं उघडलं आणि पोपटाचं रडणं मधेच तुटलं, जणू कुणी नळ बंद केला. रेल्वेकडनं आलं म्हणून मुक्तानं त्याचं नाव शटल ठेवलं. त्या दिवशी पोरं अर्धी-अर्धी भाकरी जेवली, अर्थात निम्मी शटलच्या पोटात गेली.

"वाड्यातलं मांजर चुलीपातुर आलं," सोजरबाई काकू फुंकणीनं जाळ करत म्हणाल्या. "भावकीतल्या बाया इचारायला लागल्यात."

"मांजराला जात नसती," आप्पा म्हणाले.

"मग चहाला असती व्हय?"

आप्पांना एकदम गोठ्यातलं काम आठवलं.

रविवार उजाडला आणि शटल गायब. मुक्ता कणगीखाली शोधतेय, पोपटाचा सूर चढत चाललेला, आणि पुण्याकडची गाडी अर्ध्या तासावर. त्या गाडीत ज्ञानदेव.

आप्पांनी आधी माझी खोली बघितली. पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. मग म्हणाले, "कळलं मला. जुना डाव हाय. जनावर इकायचं, ते वळखीच्या वाटंनं परत येतं, धनी त्ये पुन्यांदा इकतो. मी स्वता केलाय. चल."

फाटक ओलांडताना सिग्नलचा हात पडला होता, म्हणजे गाडी येत होती. कस्तुराबाई आत भाकऱ्या थापत होत्या. भिमाजी लाईनवर गेलेले. चुलीच्या उबेला, पिठाच्या डब्याला टेकून शटल झोपला होता.

"पहाटं आला," कस्तुराबाई म्हणाल्या. "न्या की. माझं हात पिठात हायेत."

आप्पा उंबऱ्याबाहेर उभे राहून "ये, ये, च् च्" करू लागले. चाळीस वर्षांत कुठल्या बैलाची त्यांनी इतकी मिनतवारी केली नसेल. शटलनं एक कान हलवला. आप्पांनी माझ्याकडं बघून आत मान उडवली. मी पाय उचलला.

"तुमी नगा," कस्तुराबाई म्हणाल्या. "तुमचा काल झालाय. दोन कप. आज त्येंची पाळी हाय."

मी पाय खाली ठेवला. आप्पांनी माझ्याकडं जसं बघितलं, तसं बाजारातल्या काजळी फासलेल्या बैलाकडं बघताना मी त्यांना पाहिलं होतं.

लांबून शिट्टी ऐकू आली. पलीकडं वस्तीतून पोपटाचं रडणंही येत होतं. की तसा भास झाला, कोण जाणे. आप्पांनी वहाणा काढल्या, पटका हातानं दाबला, वाकले आणि आत गेले.

ते आत किती वेळ होते? दोन भाकऱ्या भाजून होतील एवढाच. मी बाहेरून बघत होतो. त्यांनी मांजर उचललं, आणि उचलल्यावर लगेच निघाले नाहीत. फळीवरची भांडी, भिंतीवरची तसबीर, कोपऱ्यातला भिमाजींचा कंदील, सगळं निरखलं. गोम शोधत होते बहुतेक. सापडली नसावी, कारण बाहेर येताना ते जरा गोंधळलेले दिसले.

"बसा की. चहा टाकते."

"गाडी आली," आप्पा म्हणाले आणि वहाणा हातात घेऊन पळत सुटले. साठीचा माणूस, काखेत मांजर.

ज्ञानदेव घरी पोचले तेव्हा मुक्ता सुतळीला कागद बांधून ओढत होती, शटल त्यावर झेप घेत होता आणि पोपट हसून हसून लोळत होता. मुक्तानं "आई कशी हाय?" विचारलं. "बरी हाय, वजन वाढलंय," ऐकल्यावर ती पुन्हा सुतळी ओढू लागली. ज्ञानदेव बराच वेळ बघत राहिले. केंदूरला न्यायची गोष्ट त्यांनी काढलीच नाही. फक्त म्हणाले, "मामा, मांजर कुणाकडनं आणलं?"

"इकत घेतलं," आप्पा म्हणाले.

"तुम्ही? मांजर? केवढ्याला?"

आप्पांनी पंचा हातावर टाकला. ज्ञानदेवांनी भीत भीत खाली हात घातला.

"एक रुपाया?"

"आजून दिला न्हाई," आप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळच्या गाडीनं ज्ञानदेव एकटेच परत गेले. मी खोलीत सामान आवरायला घेतलं होतं. म्हटलं, आता हाकलणारच. आप्पा दारात आले. लपवाछपवीचा शब्द काढला नाही.

"कसा असतो रं?"

"काय?"

"तिचा चहा."

"चांगला असतो, आप्पा. साखर सढळ. गवती चहा घालते."

"म्हंजी पत्ती हलकी असणार," आप्पा म्हणाले आणि निघून गेले.

वर्षानं माझी शिरूरला बदली झाली. तोवर लेक बरी होऊन पोरांना घेऊन गेली होती, आणि शटल दोन्ही घरी जेवून माजला होता. बदलीच्या दिवशी आप्पा मला पोचवायला स्टेशनवर आले. फाटकापाशी कस्तुराबाईंनी नेहमीसारखी दारातून हाक मारली, "आप्पा, आधण ठेवलंय."

"उंद्या," आप्पा म्हणाले. पण थांबून म्हणाले. आधी थांबत नसत.