मस्कतच्या शेगडीवर आत्याची नजर

आत्या गेली हे उमेळ्यात, तिच्या गावात, कुणालाही कळण्याआधी मस्कतला कळलं. मी तिच्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर राहते, आणि मला फोन आला तो तिथून, तिच्या मुलाचा, नीलेशदादाचा. "आई खुर्चीत बसलीय. किती हाका मारल्या... मान वर करत नाही. तू पळ." तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यात त्याला ती दिसत होती. मी पोचले तेव्हाही त्या कॅमेऱ्यातून त्याचा आवाज येतच होता. "आई... आई..."

या कॅमेऱ्याला मी दोन वर्षांपूर्वी कडाडून विरोध केला होता. बाबा चळवळीतले, त्यांच्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. कुणी कुणावर पाळत ठेवली की माझं डोकं तापतं. आत्या न्हाणीघरात पडली, तेव्हा दादानं अट घातली: एकतर मस्कतला चल, नाहीतर घरात कॅमेरा. मी त्याला फोनवर सुनावलं, "ती आई आहे तुझी, कैदी नाही!" आत्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "झालं तुझं भाषन, बाय? मला माझ्या घरातच मरायचंय. लागूदे कॅमेरा." मग दादाला म्हणाली, "पन तुझ्या घरी पन लाव. तू मला बघनार, तर मी पन तुला बघनार." इतकी पत्रकं लिहूनही ही मागणी मला कधी सुचली नव्हती.

दादानं त्याच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावला, पण आठवडाभर तिला तो फोनवर बघणं जमेना. बोट नेमकं भलत्याच खुणेवर पडायचं, आवाज बंद व्हायचा आणि ती मुक्या मस्कतवर चिडायची. मग एका सकाळी तिचा फोन, "दिसला गो! बनियनवर चहा करतोय!" तेव्हापासून तांदळाच्या डब्याला फोन टेकवून ती दोन्ही स्वयंपाकघरं सांभाळू लागली. "तेल किती ओततोस रे?" "बायकोला बसूदे जरा, भांडी तू घास." दुपारी एक ते चार मात्र ती आपल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायची. "माझी पन सुट्टी असते." दादानं कधी तक्रार केली नाही. एकदा तो आतल्या खोलीत आणि शेगडीवर दूध वर येत होतं. आत्या उमेळ्यातून ओरडली, "नीलेश, दूध!" तो धावत आला. मस्कतचं दूध आपण वाचवलं, हे तिनं त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं.

तिला मरण आलं ते तिच्याच घरात, ओट्यापाशी. पाळतीविरुद्ध मी आजही लिहीन. पण तिचा कॅमेरा उतरवून मी तो तिच्याच टॉवेलात गुंडाळून ठेवला... दादानं त्याचा काढलेला नाही. मस्कतला परत जाताना तो त्यानं माझ्या फोनला जोडून दिला. "बघत जा अधूनमधून," एवढंच म्हणाला.

तीन आठवडे मी तो उघडला नाही. परवा संध्याकाळी उघडला. दादा आमटीत मीठ घालत होता. घातलं, ढवळलं, कुठंतरी बघत थांबला... आणि पुन्हा बरणीत चमचा घातला.

"दादा, घातलंयस मीठ!"

तो दचकला. त्यानं वर कॅमेऱ्याकडे बघितलं. "आईसारखी ओरडू नकोस," म्हणाला.

मी बंद करणार, तेवढ्यात त्याचा आवाज आला.

"थांब... ओरड."