हाक मारायचं नाव

माझी वहिनी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली: एक शिलाई मशीन, चेनींचा डबा आणि आखूड करायला आलेल्या पँटींचा ढीग. लग्न होऊन आली तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. आमच्या आईनं अंथरूण धरलं आणि वहिनीचं कॉलेज सुटलं. माझी शाळा मात्र तिनं सुटू दिली नाही. काजं करता करता माझ्याकडून बीजगणित घोटून घेतलं. आज मी कचेरीत हिशेब तपासते, ते तिच्या जिवावर. तिचे उपकार मी कसे फेडू, मला खरंच कळत नाही. तसं बोलून दाखवलं की म्हणते, "पुरे, सुईत दोरा ओव."

तर ह्या बाईला पन्नाशीला टेकल्यावर विद्यापीठात प्रवेश मिळाला. अट एकच: विद्यार्थ्याचा ईमेल आणि पोर्टलवरचं खातं मुदतीत सुरू करायचं, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि बाईसाहेबांनी मला बोलावलं कधी? तर शेवटच्या दिवशी, दुपारचा चहा झाल्यावर! "गिऱ्हाइकांची घाई होती गं," म्हणे. मी कपाळावर हात मारला.

पोर्टल काही तिला आत घेईना. तिचं नाव घातलं, आडनाव जोडलं, माहेरचं आडनावसुद्धा घालून पाहिलं. दरवेळी तेच उत्तर: अशी विद्यार्थिनी आढळली नाही.

"बघ, त्यांनासुद्धा पटत नाहीये," वहिनी म्हणाली. हसून म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

मी विद्यापीठाच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी अर्ज उघडला आणि चाचरत म्हणाले, "मॅडम, ईमेल पत्ता 'हाक मारायचं नाव' ह्या रकान्यावरून तयार होतो. तिथं तुम्ही... 'वहिनी' लिहिलंय."

मी वहिनीकडे पाहतच राहिले.

"मग काय लिहू?" ती उसळली. "तू वहिनी म्हणतेस, शेजारीपाजारी वहिनी म्हणतात, दूधवालासुद्धा वहिनी म्हणतो! खोटं कशाला लिहू?"

फोनमधून हसू ऐकू आलं. "बरोबर आहे, वहिनी," ते गृहस्थही म्हणाले. "आता त्याच नावानं आत या. नवा पासवर्ड घाला, की खातं सुरू."

खरंच सुरू झालं! मी त्या भल्या माणसाचे इतक्यांदा आभार मानले की शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

पडद्यावर सूचना आली: हाक मारायचं नाव बदलायचं असल्यास आत्ताच बदला.

"राहू दे गं," मी म्हटलं. "अख्खं विद्यापीठ तुझं सासर होईल."

एका बोटानं अक्षरं शोधत तिनं स्वतःचं नाव लिहिलं. पडद्यावर त्या नावानं स्वागत झालं.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. तिला नावानं मी कधी हाकच मारली नव्हती. जीभ अडखळली आणि डोळे भरून आले.

"परत वाच," वहिनी म्हणाली. "हजेरी घेतील तेव्हा ओ द्यायची सवय नको का व्हायला?"