लाल दोऱ्याचा कंट्रोल

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला कामावर होतो. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी 'शिकलेला भाचा' म्हणून माईक माझ्या हातात दिला गेला. घरातला पहिला पदवीधर मी, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मामाचे कष्ट सांगितले, त्याच्या हाताचं कसब सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही; ती सांगायला पुढे पाच आठवडे गेले.

मामाचं मुरबाडच्या बाजारात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. मोडीत निघालेल्या मशीनमधले कंट्रोल तो काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. कंट्रोल म्हणजे आवाज कमीजास्त करायचं बटण ज्यावर बसतं तो भाग. आमच्या पुस्तकात त्याला पोटेन्शिओमीटर म्हणतात. त्यावरचं छापील अक्षर बहुतेक वेळा पुसलेलं असायचं, म्हणून मामा दांडी बरोबर अर्ध्यावर फिरवून मीटर लावायचा. अर्ध्यावर निम्मा रोध दिसला तर तो 'सरळ', त्याला पांढरा दोरा. जेमतेम दहावा हिस्सा दिसला तर तो 'आवाजाचा', त्याला लाल दोरा. "कानाला दुप्पट वाटाया पायजे तर आतून दसपट सोडावा लागतो रे," असं तो सांगायचा. हे त्याला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मी शहापूरला कॉलेजात होतो तेव्हा प्रदर्शनासाठी धरणाच्या दरवाजाचं मॉडेल केलं. तानसा जवळच, म्हणून धरण सुचलं. बटण जितकं फिरवाल तितका आकडा मायक्रोकंट्रोलर वाचणार आणि छोटी मोटर तेवढाच दरवाजा उचलणार. कंट्रोल मागायला मामाकडे गेलो. त्याच्यासमोर गिऱ्हाईक होतं. डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "दोरा बघून घे, तुला सरळ लागंल." मी घेतला तो सगळ्यात गुळगुळीत फिरणारा. दोरा लाल होता, तो मी पाहिलाही होता. पण प्रदर्शनात दोरा म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून बांधल्यासारखं दिसेल, असं वाटलं... घरी येऊन ब्लेडने कापून टाकला. मीटर लावायचं तर मनातही आलं नाही.

प्रदर्शनाला मामा दुकान बंद ठेवून आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी बटण अर्ध्यापर्यंत फिरवलं, दरवाजा बोटभरही हलला नाही. आणखी फिरवलं तर शेवटी शेवटी तो असा उसळला की टबातलं पाणी परीक्षकांच्या बुटांवर गेलं. पोरं ओरडली, "इंजिनीअर, पूर आला रे! गाव खाली करा!" सगळ्यांदेखत मी म्हणालो, "मामाने भंगारातला माल दिला, मी काय करणार?"

मामा पुढे आला. हळूच विचारलं, "लाल दोरा व्हता का रे?"

"दोरा-बिरा काही नव्हता," मी म्हणालो.

"मंग माझीच चूक. बांधायचा राहिला असंल."

दुकानात जाऊन त्याने डब्यातल्या सगळ्या कंट्रोलांचे दोरे सोडले, एकेक पुन्हा मोजला, पुन्हा बांधला. हे मामीने मला नंतर हसत हसत सांगितलं होतं. पण त्यानंतर तो गिऱ्हाइकाला जुना कंट्रोल बसवून देईना. "नवीनच घ्या. माझ्या हाताचा भरवसा नाय ऱ्हायला." दुकानात बसून हे मी कितीदा ऐकलं. ऐकलं, चहा प्यायलो आणि निघालो...

मामा गेल्यावर ते मॉडेल माळ्यावरून काढलं. कंट्रोलला मीटर लावला. अर्ध्यावर दहावा हिस्सा. भाग अगदी धडधाकट. बटण दहा जागी थांबवून आकडे लिहून घेतले, कुठल्या आकड्याला दरवाजा किती उचलायचा ते प्रोग्रामात घातलं. अर्ध्या बटणावर दरवाजा बरोबर अर्धा उघडला. जेमतेम तासाभराचा उद्योग.

मागच्या रविवारी मामीसोबत दुकान उघडलं. बुद्धविहाराचा ॲम्प्लिफायर घेऊन एक काका आले, आवाज खरखरत होता. मी डब्यातला लाल दोऱ्याचा कंट्रोल काढला. "हा बसवतो. मामाने तपासलेला आहे."

"तुझा मामाच म्हनायचा, नवीन घ्या."

"माझ्यामुळे म्हणायचा," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. लाल दोरा, ब्लेड, माझं खोटं बोलणं.

काकांनी ॲम्प्लिफायर पुढे सरकवला. "बसव."

मामी आत तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला होता. "येवढाच व्हता तर त्यांना बोलायचा ना रे," ती म्हणाली. "हसले असते ते."

मी मामाच्या स्टुलावर बसलो. सोल्डरिंगची सळई तापायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी कंट्रोलचा लाल दोरा हाताने सोडवला.